पुरातली आजी, पाण्याची वही आणि सहा वर्षे : वैद्यकीय शिक्षणाच्या निर्णयाचे एक प्रकरण

सांगलीत दर रविवारी सकाळी आम्ही तिघेजण दहावी-बारावीच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना भेटतो. एक मी, निवृत्त फिजिशियन. दुसऱ्या जीवशास्त्राच्या प्राध्यापिका. आणि तिसरे समुपदेशनाचे रीतसर शिक्षण घेतलेले माजी मुख्याध्यापक. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना डॉक्टर व्हायचे असते, आणि त्यात नवल नाही, कारण मिरज-सांगलीच्या परिसरात वाढलेल्या मुलाला दवाखाना ही गोष्ट अपरिचित नसते. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले, १९६२ मध्ये तिथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि आज घरात कोणाला काही झाले की ‘मिरजेला न्या’ हे शब्द आपोआप तोंडी येतात. खाली मांडलेले प्रकरण संबंधित मुलीच्या आणि तिच्या पालकांच्या संमतीने लिहिले आहे. नाव बदलले आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत.

पार्श्वभूमी

अनुजा जून २०२४ मध्ये वडिलांसोबत आमच्याकडे आली. गाव पलूस तालुक्यातले, कृष्णाकाठचे. वडील दूध संस्थेत सचिव, शिवाय अडीच एकर ऊस. आई घर आणि दोन म्हशी सांभाळणारी, धाकटा भाऊ नववीत. अनुजाला दहावीत ९४ टक्के मिळाले होते आणि त्याच दिवशी ‘मेडिकल’ ठरून गेले होते. अकरावी-बारावीची दोन वर्षे तिने पहाटेच्या एसटीने सांगलीला येऊन शिकवणी केली.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एक साधा फॉर्म देतो. त्यात ‘वैद्यकीय शिक्षण का घ्यायचे आहे?’ असा रकाना आहे आणि उत्तराला दोन ओळींची जागा आहे. अनुजाने सुवाच्य अक्षरात लिहिले होते : ‘माझी आजी २०१९ च्या पुरात उपचाराअभावी गेली. तशी वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून मला डॉक्टर व्हायचे आहे.’ पाच मिनिटांनी तिच्या वडिलांना मी तोंडी तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर शब्दशः तेच होते. मी त्यावेळी ते टिपून ठेवले, मात्र त्याचा अर्थ लावायला मला बराच काळ लागला.

पुराची हकीकत थोडक्यात अशी. आजीला वीस वर्षांचा मधुमेह होता, मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागे. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात कृष्णेचे पाणी चढू लागले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे. त्यावर्षी पाणी ५७ फुटांपर्यंत गेले. गावाचे रस्ते सोमवारीच बंद झाले होते. कुटुंब शाळेच्या वरच्या मजल्यावर राहायला गेले आणि मंगळवारचे, ६ तारखेचे डायलिसिस चुकले. गुरुवारी, ८ तारखेला, गावातल्या काही जणांनी नावेतून आजीला बाहेर काढण्याची तयारी दाखवली. त्याच दिवशी ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे बुडाल्याची बातमी गावात पोहोचली होती. वडिलांनी नाव नको म्हणून सांगितले. शुक्रवारी बचाव पथकाच्या बोटीतून आजीला हलवले, मिरजेत दाखल केले, आणि रविवारी ती गेली. अनुजा त्यावेळी आठवीत होती.

समस्या

नीट परीक्षेत अनुजाला ७२० पैकी ५६१ गुण मिळाले होते. आदल्या काही वर्षांच्या अनुभवावर हिशेब मांडून बसलेल्या शिक्षकांना हा आकडा आशादायक वाटत होता. पण २०२४ च्या निकालात गुण इतके फुगले की जुने सगळे अंदाज कोलमडले. ४ जूनला निकाल लागला तेव्हा पैकीच्या पैकी गुण मिळवणारे ६७ जण होते. पेपरफुटीच्या तक्रारी, वाढीव गुणांवरून झालेला वाद, फेरपरीक्षेची मागणी, न्यायालयातल्या सुनावण्या यांत पुढचे सात आठवडे गेले. सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलैला संपूर्ण फेरपरीक्षा नाकारली आणि २६ जुलैला सुधारित निकाल आला, त्यात पूर्ण गुण मिळवणारे १७ उरले. हे सात आठवडे अनेक घरांत कोणताही निर्णय न होता निघून गेले. ‘परीक्षाच परत होणार असेल तर आत्ता काय ठरवायचं?’ हा प्रश्न आम्हाला त्या काळात जवळपास प्रत्येक पालकाने विचारला.

अनुजाच्या घरी मात्र वडिलांचे ठरलेले होते. शासकीय महाविद्यालय मिळत नसेल तर अभिमत विद्यापीठातली जागा घ्यायची आणि त्यासाठी रस्त्याकडेचा एक एकर विकायचा. गिऱ्हाईकही आले होते. आमच्याकडून त्यांना एवढेच हवे होते की कोणते महाविद्यालय बरे, पैसे कसे भरायचे, आणि शैक्षणिक कर्ज किती मिळेल.

आमच्या तिघांच्या मते प्रश्न त्याच्या आधीचा होता. मुलगी सगळ्या बैठकीत तीनदाच बोलली होती आणि त्यांपैकी दोनदा ‘पप्पा म्हणतात तसं’ असे म्हणाली होती. एक एकर जमीन जिच्या नावाने विकली जाणार होती, तिला स्वतःला काय हवे आहे हे कोणालाच माहीत नव्हते.

पहिला निर्णयबिंदू : माझा प्रश्न

इथे मी जे केले ते सांगणे मला अवघड जाते. मी डॉक्टर म्हणून चाळीस वर्षे काढली आहेत आणि दुःखातून आलेल्या निश्चयाबद्दल माझ्या मनात एक जुना संशय आहे. घरातल्या मृत्यूमुळे डॉक्टर व्हायचे ठरवणारी मुले मी बरीच पाहिली आहेत. पुढे त्यांतली काही उत्तम डॉक्टर झाली, काहींना शवविच्छेदनाच्या पहिल्याच महिन्यात कळून चुकले की आपल्याला गेलेले माणूस परत हवे होते, वैद्यकशास्त्र नव्हे. म्हणून मी वडिलांसमोरच तिला विचारले : ‘समजा, त्या शाळेच्या वरच्या मजल्यावर तू एम.बी.बी.एस. होऊन बसली असतीस, तर आजीसाठी नेमके काय करू शकली असतीस?’

प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होता. डायलिसिसचे यंत्र, शुद्ध पाणी आणि वीज नसताना डॉक्टरचा फारसा उपयोग नसतो. त्या घरात कमी होती ती बोटीची, रस्त्याची आणि पूर येण्याआधीच अशा रुग्णांना गावातून हलवण्याच्या व्यवस्थेची. पण प्रश्न विचारताच अनुजाच्या डोळ्यांत पाणी आले, आणि वडील काही न बोलता उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. त्या दिवशी पुढे बोलणे झाले नाही.

पंधरा दिवसांनी वडील एकटेच आले. त्यांनी नावेची गोष्ट पहिल्यांदा त्या दिवशी सांगितली. आधीच्या भेटीत ती आली नव्हती. ‘डॉक्टरसाहेब, गुरुवारी मी न्हाई म्हणालो. नाव घरापाशी आली होती,’ एवढे बोलून ते थांबले. त्यांना वाटत होते की गुरुवारी नेले असते तर आई वाचली असती. कदाचित वाचली असती, कदाचित नसती. ब्रह्मनाळची बातमी डोळ्यांसमोर असताना त्यांनी घेतलेला निर्णय मला आजही अविचाराचा वाटत नाही. पण पाच वर्षे ते जे ओझे वाहत होते त्याला त्यांनी ‘मुलगी डॉक्टर होणार’ या वाक्यात जागा करून दिली होती, आणि मुलीने ते वाक्य पाठ केले होते.

बोलता बोलता वडिलांनी आनंदीबाई जोशींचे उदाहरण दिले. मराठी घरात हे उदाहरण निघतेच. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले आणि त्या दुःखातून आनंदीबाई डॉक्टर व्हायला निघाल्या, अशी ती कथा सांगितली जाते. ती खोटी नाही. पण अमेरिकेला जाण्यापूर्वी १८८३ मध्ये सेरामपूरला केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी स्वतः मांडलेला मुद्दा हिंदुस्थानातल्या बायकांना स्त्री डॉक्टरांची गरज आहे हा होता. कुटुंबाला आणि समाजाला आठवणीत ठेवायला सोपे पडते ते एक कारण, आणि माणूस स्वतः जे पुढे करतो ते दुसरे. अनुजाच्या बाबतीतही अशी दोन कारणे असतील असे मला वाटू लागले. प्रत्यक्षात ती तीन निघाली.

दुसरी आणि तिसरी कारणे

पुढची बैठक प्राध्यापिकाबाईंनी अनुजासोबत एकटीनेच घेतली. बाईंनी हेतूबद्दल काही विचारलेच नाही. आजीचे पथ्यपाणी घरात कोण बघत होते, एवढेच विचारले. त्यावर अनुजा म्हणाली की ती बघत होती, आणि पुढच्या रविवारी एक वही घेऊन आली.

ती दोनशे पानी वही मी हातात घेऊन पाहिली आहे. डायलिसिसवरच्या रुग्णाला लघवी जवळजवळ होत नाही, त्यामुळे प्यायलेले पाणी अंगात साचते. दोन डायलिसिसच्या मधे वजन किती वाढले यावरून पाणी किती साचले ते कळते. आजीला दिवसाला एक लिटरची मर्यादा होती. अनुजा तेव्हा सातवीत होती. तिने सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवायची आणि आजी चहा प्यायली, गोळी घेतली, ताक प्यायली की तेवढे पाणी बाटलीतून बाजूला ओतायचे, अशी पद्धत स्वतःच शोधून काढली होती. वहीत तारीख, सकाळचे वजन, पाणी आणि शेरा असे चार रकाने. शेऱ्यात कुठे ‘आजीने लोणचं खाल्लं, कुणाला सांगू नको म्हणाली’, कुठे ‘बर्फाचा खडा चघळायला दिला, बाटलीतून कमी केला’. शेवटची पाने पुरातली होती. वजनकाटा घरात पाण्याखाली गेला होता, म्हणून वजनाचा रकाना रिकामा. ७ ऑगस्टच्या शेऱ्यात पेन्सिलीने लिहिले होते : ‘पायावर बोट दाबलं की खड्डा राहतो. मागच्या वेळी घोट्यापर्यंत होता, आज गुडघ्याच्या खाली चार बोटं.’

वैद्यकीय महाविद्यालयात अंगावरची सूज तपासायला आम्ही जे शिकवतो, ते या मुलीने कोणी न सांगता केले होते, आणि वजनकाटा नसताना दुसरे मोजमाप शोधले होते. मी बाईंना म्हणालो की हेतूचा प्रश्न इथे संपला. बाई म्हणाल्या, संपला नाही. ही वही डायलिसिस तंत्रज्ञाची, परिचारिकेची किंवा आहारतज्ज्ञाचीही असू शकते. त्यांचे म्हणणे बरोबर होते.

तिसरे कारण त्याच दिवशी निघताना आले. अनुजा चपला घालता घालता म्हणाली, ‘मॅडम, पप्पा म्हणतात, डॉक्टर होईपर्यंत लग्नाचा विषय काढायचा नाही. मला ती सहा वर्षं पाहिजेत.’ तिच्या चुलत बहिणीचे बी.कॉम.चे पहिले वर्ष संपताच एकोणिसाव्या वर्षी लग्न झाले होते. एम.बी.बी.एस.चे साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एका वर्षाची आंतरवासिता मिळून साडेपाच वर्षे होतात, आणि नीटची तयारी धरली तर सहा. अनुजाने हा हिशेब केलेला होता. बाईंनी टिपणात ते वाक्य लिहून पुढे ‘पळवाट?’ असा शेरा मारला. मी त्या शब्दाखाली रेघ ओढली. त्या रेघेबद्दल पुढे लिहिणारच आहे.

विचारात घेतलेले पर्याय

अभिमत विद्यापीठातला प्रवेश हा वडिलांचा पर्याय. त्याचा मोठा गुण म्हणजे वर्ष वाया जात नव्हते. त्याचा दोष आम्ही पैशांत मोजत होतो. खरा दोष अनुजाच्या आईने दाखवला. तोपर्यंतच्या कोणत्याही बैठकीला न आलेल्या या बाई जुलैच्या शेवटी आल्या, पाच मिनिटे बसल्या आणि म्हणाल्या, ‘जमीन विकून डॉक्टर केली तर उद्या तिला नको वाटलं तरी माघारी येता येणार न्हाई. ते वझं पोरीच्या डोक्यावर नको.’ त्यावर वडिलांनी एक शब्द काढला नाही, आणि जमिनीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

काकांचा आग्रह आयुर्वेदाचा होता. त्याच नीटच्या गुणांवर खासगी आयुर्वेद महाविद्यालयात प्रवेश मिळण्यासारखा होता आणि गावात दवाखाना टाकता आला असता. अनुजाला या शास्त्राबद्दल काही कुतूहल आहे का असे विचारले तेव्हा ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणाली. आयुर्वेद पदवीकडे ‘एम.बी.बी.एस. नाही तर ते’ या नजरेने पाहणे त्या विद्याशाखेवरही अन्याय करणारे आहे असे माझे मत आहे. तिथे मन लावून शिकणारी मुले मी पाहिली आहेत, आणि ती अशा वाटेने आलेली नव्हती.

बी.एस्सी. नर्सिंग आणि डायलिसिस तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम हे दोन पर्याय आमच्या बाईंनी मांडले आणि वहीच्या आधारे ते अगदी सुसंगत होते. वडिलांनी ते ऐकून घेतले, पण चेहऱ्यावरून कळत होते की त्यांच्या लेखी हे पर्याय नव्हतेच. अनुजाने मात्र नर्सिंगबद्दल बरेच प्रश्न विचारले, आणि शेवटचा असा होता : ‘रुग्णाचं औषध बदलायचं कोण ठरवतं?’

उरला तो परत परीक्षा देण्याचा पर्याय. याची किंमत वर्षात मोजली जाते असे सगळे म्हणतात. आमच्या अनुभवात ती मुलाच्या स्वतःविषयीच्या मतात मोजावी लागते, कारण दुसऱ्यांदाही नाही जमले तर एकोणीस वर्षांचे मूल स्वतःला नापास समजू लागते आणि ते पुसायला पुढे फार वेळ जातो. शिवाय दुसऱ्यानंतर तिसरा प्रयत्न, मग चौथा, अशी घसरगुंडी आम्ही पाहिली आहे.

केलेली कृती

निर्णयाआधी अनुजाला प्रत्यक्ष काम दाखवायचे ठरले. माझ्या एका विद्यार्थ्याचा तालुक्याच्या ठिकाणी साधा दवाखाना आहे. तिथे तिने ऑगस्टमध्ये दोन आठवडे रोज सकाळी बसायचे, आणि रुग्णांच्या परवानगीने, कशालाही हात न लावता पाहायचे. त्यानंतर तीन दिवस एका डायलिसिस कक्षात.

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी एक ऊसतोड मुकादम पायाची जखम घेऊन आला. मधुमेही पाय, अंगठ्याच्या खाली पडलेला व्रण, कडेला पांढरट सडलेले मांस, आणि पट्टी सोडताच खोलीभर पसरणारा वास. डॉक्टरांनी सलाईनने जखम धुतली, मेलेला भाग कात्रीने काढला, तेव्हा माणूस हूं की चूं करत नव्हता, कारण पायाची संवेदनाच गेलेली होती. अनुजा मधेच बाहेर गेली. तिने नळावर तोंड धुतले, दोन मिनिटे पायरीवर बसली आणि आत येऊन पुन्हा त्याच जागी उभी राहिली. कंपाउंडरने ही गोष्ट मला नंतर फोनवर सांगितली. तिने स्वतः त्या दिवशीच्या नोंदीत वासाबद्दल काही लिहिले नव्हते. लिहिले होते ते असे : ‘त्यांना दुखत नाही म्हणून ते दोन महिने आलेच नाहीत. दुखलं असतं तर पाय लवकर दाखवला असता.’

डायलिसिस कक्षातले तीन दिवस मला जोखमीचे वाटत होते. आजी ज्या प्रकारच्या खुर्चीत बसायची तशाच खुर्च्या तिथे होत्या. पहिल्या दिवशी ती फार बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने तंत्रज्ञाला विचारले की पूर आला तर या चाळीस रुग्णांची यादी कोणाकडे असते. यादी होती, ती त्या कक्षाच्या संगणकात होती, आणि गावनिहाय नव्हती.

ऑगस्टच्या अखेरीस सगळे एकत्र बसलो. अनुजाने परत परीक्षा द्यायची असे तिने स्वतः सांगितले. या वेळी वडील नंतर बोलले. आम्ही दोन अटी सुचवल्या आणि त्या कागदावर लिहून चौघांच्या सह्या घेतल्या. पहिली, हा प्रयत्न शेवटचा. दुसरी, शासकीय एम.बी.बी.एस. मिळाले नाही तर बी.एस्सी. नर्सिंग, आणि त्याचे अर्ज वेळेवर भरून ठेवायचे. दुसऱ्या अटीवर वडिलांनी सही करायला पंधरा मिनिटे घेतली. शिकवणीसाठी लातूरला पाठवायचे की सांगलीत ठेवायचे यावर फार चर्चा झाली नाही. विश्रामबागेत मावशी राहते म्हणून सांगली ठरली.

निष्पत्ती

नोव्हेंबरमध्ये अनुजाचा अभ्यास थांबला. सराव परीक्षांचे गुण तीन आठवडे घसरत गेले, भौतिकशास्त्राचे तर निम्म्यावर आले, आणि ती शिकवणीला न जाता मावशीच्या गच्चीवर बसून राहू लागली. मी तिला फोन करून वहीची आठवण करून दिली, दवाखान्यातल्या नोंदी वाचून दाखवल्या. उपयोग झाला नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती आपोआप परत अभ्यासाला लागली आणि मला वाटले की माझ्या बोलण्याचा परिणाम उशिरा का होईना झाला.

खरे कारण मला सहा महिन्यांनी तिच्याकडूनच कळले. दिवाळीनंतर कोल्हापूरकडचे एक स्थळ काकांनी आणले होते. वडिलांनी ‘परीक्षा होऊ दे’ म्हणून परतवले, पण ‘परीक्षा होऊ दे’ आणि ‘डॉक्टर होऊ दे’ यांतला फरक तिच्या लगेच लक्षात आला. ‘सर, आजीचं नाव घेऊन मला फिजिक्स सुटत नव्हतं,’ ती म्हणाली. ‘स्थळ आलं आणि मी रोजचे पन्नास प्रश्न सोडवायला लागले.’

४ मे २०२५ ची नीट, विशेषतः भौतिकशास्त्राचा भाग, कठीण गेली. देशात सर्वाधिक गुण ६८६ होते. अनुजाला ५२७ मिळाले, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा ३४ कमी. निकालाच्या दिवशी वडिलांनी मला फोन करून ‘पोरगी पडली’ असे सांगितले. गुण कमी झाले तरी देशपातळीवरचा तिचा क्रमांक आदल्या वर्षीपेक्षा कितीतरी वर गेला होता, हे त्यांना पटवायला मला संध्याकाळपर्यंत वेळ लागला. राज्याच्या प्रवेशफेरीत तिला शासकीय महाविद्यालय मिळाले, घरापासून दूर. नर्सिंगचा अर्ज भरलेला होता; तो तिने स्वतः मागे घेतला.

तिथले पहिले वर्ष आता संपत आले आहे आणि ते सरळ गेलेले नाही. शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या अंतर्गत परीक्षेत ती नापास झाली. शवविच्छेदनाचा तिला त्रास झाला नाही; पाठांतराचा झाला. शरीरक्रियाशास्त्र तिला आवडते. अलीकडे पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्यांना खेड्यातली काही कुटुंबे दत्तक देतात आणि त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायला सांगतात. तिच्या वाट्याला आलेल्या एका घरात मधुमेही आजोबा आहेत, आणि त्यांनी पाय दाखवायला नकार दिला एवढे तिने मला कळवले आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट म्हणजे माझा तो प्रश्न. तो मुलीला एकटीला, तिसऱ्या-चौथ्या भेटीत विचारायला हवा होता. वडिलांसमोर विचारल्यामुळे एका माणसाचे पाच वर्षांचे दुःख उघडे पडले, आणि ते उघडे पडण्यातून पुढे चांगले निघाले हा निव्वळ योगायोग होता. त्यांच्यासाठी आम्ही काहीच केले नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. पुरानंतर अशा घरांत कोणी बसून बोलायला हवे होते. २०२४ मध्ये आम्हाला ती संधी मिळाली होती आणि आम्ही तिचा वापर फक्त प्रवेशाचे कोडे सोडवायला केला.

दुसरी गोष्ट, ‘पळवाट?’ या शब्दाखालची रेघ. आजीच्या दुःखाला आम्ही भाबडे ठरवले, वहीला उदात्त ठरवले, आणि सहा वर्षे हवीत हे सांगणाऱ्या वाक्याला हलके ठरवले. पांढरपेशा माणसांसारखे आम्ही तिघेही वागलो. एकोणीस वर्षांच्या मुलीला स्वतःच्या आयुष्याचा ताबा सहा वर्षे स्वतःकडे ठेवायचा आहे, आणि तसे करायला तिच्या गावात, तिच्या घरात सगळ्यांना मान्य होणारा एकच मार्ग आहे, हे कारण आम्हाला डॉक्टर होण्यासाठी अपुरे वाटले. वर्षभर प्रत्यक्षात तिला पुढे नेले ते याच कारणाने. वही नसती तर केवळ या कारणावर आम्ही तिला परत परीक्षेचा सल्ला दिला असता का? बाई म्हणतात, द्यायला नको होता. मला तेवढी खात्री वाटत नाही, आणि यावर आमचे एकमत झालेले नाही.

तिसरी, नोव्हेंबर. त्यावेळी मी फोनवर वही वाचून दाखवत बसलो. घरात काय चालले आहे असे एकदा विचारले असते, तर स्थळाची गोष्ट तेव्हाच कळली असती आणि वडिलांशी बोलता आले असते. तिला एकटीला ते सहन करावे लागले नसते.

दोन अटींचा कागद मात्र आम्ही आता प्रत्येक परत परीक्षा देणाऱ्यासाठी करतो. दवाखान्यात बसवण्याचे दोन आठवडेही ठेवले आहेत; ज्या मुलांना ते जमले नाही त्यांतल्या दोघांनी स्वतःहून वेगळी वाट धरली आणि दोघांचे पालक अजून आमच्यावर नाराज आहेत.

फॉर्ममधला तो रकाना आम्ही काढून टाकावा की नाही यावर गेल्या महिन्यात बराच वेळ गेला. मुख्याध्यापकांचे म्हणणे पडले की रकाना राहू द्यावा, फक्त तो शेवटच्या भेटीत भरून घ्यावा. मी अनुजाला हे फोनवर सांगितले तेव्हा तिला हसू आले. महाविद्यालयातल्या सुरुवातीच्या ओळखवर्गात प्रत्येकाला उभे करून ‘डॉक्टर का व्हायचे?’ असे विचारले होते म्हणे. तू काय सांगितलेस, असे मी विचारले.

‘पुराचंच सांगितलं, सर,’ ती म्हणाली. ‘मागे अजून साठजण उभे राहायचे होते.’